सार्वजनिक प्रसारणातील खर्चकपात आणि कामगार संघटनांचा प्रतिकार

१. प्रश्नाचे स्वरूप

औद्योगिक संबंधांच्या अभ्यासात संप हे कामगार संघटनेचे अंतिम साधन मानले जाते. या साधनाची शक्ती एका साध्या गृहीतावर उभी आहे. काम थांबले म्हणजे उत्पादन थांबते. उत्पादन थांबले म्हणजे मालकाचा नफा बुडतो. आणि ही हानी कामगारांच्या मागणीपेक्षा जड वाटू लागली म्हणजे मालक वाटाघाटीस तयार होतो. कापडगिरणी, गोदी किंवा पोलादाचा कारखाना यांच्या बाबतीत हे गृहीत कमीअधिक प्रमाणात खरे ठरते. सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या बाबतीत मात्र त्याचा पायाच डळमळीत होतो. अशा संस्थेला मिळवावयाचा नफा नसतो. तिचे उत्पन्न मुख्यतः परवाना-शुल्कातून किंवा सरकारी अनुदानातून येते, आणि कार्यक्रम झाले काय किंवा न झाले काय, ते ठरल्याप्रमाणे येत राहते. संपाच्या दिवसांत संस्थेचा वेतनावरील खर्च उलट वाचतो. हानी होते ती श्रोत्याची व प्रेक्षकाची. म्हणजे ज्याच्या पैशावर संस्था चालते आणि ज्याच्या सहानुभूतीवाचून संघटनेचा लढा टिकू शकत नाही, नेमकी त्याची.

दुसरी अडचण याहून अधिक खोल आहे. गिरणीत ज्याच्याशी वाटाघाट करावयाची तो मालक आणि ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली तो मालक हे एकच असतात. प्रसारणसंस्थेत व्यवस्थापन एक आणि पैसा ठरविणारा दुसरा, अशी स्थिती असते. शुल्काचा दर किंवा अनुदानाची रक्कम सरकार व संसद ठरवितात. व्यवस्थापन त्या मर्यादेत कोणती कात्री कोठे लावावयाची एवढेच ठरविते. त्यामुळे संघटना ज्याच्या दारात उभी राहते, त्याच्या हाती मूळ निर्णय नसतो; आणि ज्याच्या हाती निर्णय असतो तो संघटनेचा मालक नसतो.

या दोन अडचणींमुळे सार्वजनिक प्रसारणातील खर्चकपातीविरुद्धचा लढा हा केवळ नोकरीचा लढा म्हणून लढविला गेला, तर त्याचे यश बहुधा अल्प व तात्पुरते राहते. श्रोत्याचा संस्थेवरील हक्क हाच लढ्याचा विषय झाला, तर त्याची शक्ती वाढते. परंतु त्याबरोबर संघटनेवर काही जबाबदाऱ्याही येऊन पडतात. ग्रीसमधील ‘एर्त’ या राष्ट्रीय प्रसारणसंस्थेचे २०१३ ते २०१५ या काळातील उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्याकडे वळण्यापूर्वी खर्चकपातीचा उगम आणि संपाचा अन्यत्र आलेला अनुभव यांचा थोडक्यात विचार करणे इष्ट होईल.

२. कपातीची कारणे

सार्वजनिक प्रसारणावर येणारा आर्थिक ताण पुष्कळदा सरकारच्या कृपणपणाचा किंवा व्यवस्थापनाच्या उधळपट्टीचा परिणाम म्हणून सांगितला जातो. दोन्ही कारणांत तथ्य असू शकते. परंतु त्यांच्याही मुळाशी एक रचनात्मक कारण आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगकलांच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात ते मांडले आहे. कारखान्यात यंत्रसुधारणेमुळे दर माणशी उत्पादन वाढत जाते आणि त्याबरोबर वेतनही वाढू शकते. नाटक, संगीत यांसारख्या व्यवसायांत मात्र श्रम हाच उत्पादनाचा देह असतो. एक तासाचे नाटक बसविण्यास जेवढी पात्रे व जेवढ्या तालमी पूर्वी लागत, तेवढ्याच आजही लागतात. तरीसुद्धा नटांचे वेतन समाजातील सर्वसाधारण वेतनमानाबरोबर वाढवावे लागते. अन्यथा नट हा व्यवसायच सोडतील. परिणामी अशा व्यवसायांचा खर्च सर्वसाधारण किंमतींपेक्षा अधिक वेगाने वाढत राहतो.

प्रसारणात प्रक्षेपण, मुद्रण व संकलन यांची यंत्रे स्वस्त व वेगवान झाली आहेत, हे खरे. म्हणून बॉमोल यांचा सिद्धान्त तेथे जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु बातमीचा माग काढणारा वार्ताहर, वाद्यवृंदातील वादक, श्रुतिकेचा लेखक यांच्या श्रमाला यंत्राचा पर्याय फारसा सापडत नाही. अशा संस्थेचे शुल्क नुसते गोठवून ठेवले, तरी काही वर्षांत नोकरकपात अपरिहार्य होऊन बसते. ‘कपात’ हा शब्द न उच्चारता कपात करण्याचा हा मार्ग आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१० मध्ये परवाना-शुल्क १४५ पौंड ५० पेन्स या दरावर २०१७ पर्यंत गोठविण्याचा निर्णय झाला. तोवर परराष्ट्र खात्याच्या अनुदानावर चालणाऱ्या बी.बी.सी.च्या जागतिक सेवेचा भारही २०१४ पासून त्याच शुल्कावर टाकण्याचे त्याच वेळी ठरले. सरकारने एकाही कर्मचाऱ्याला काढले नाही. कोणाला काढावयाचे हे ठरविण्याचे काम संस्थेकडे सोपविले गेले. संघटनेचा राग संस्थेवर आणि निर्णय सरकारचा, ही विसंगती अशा रीतीने जन्मास येते.

३. संपाचा अनुभव

बी.बी.सी.तील २३ मे २००५ चा चोवीस तासांचा संप या विसंगतीचे उत्तम उदाहरण आहे. सुमारे ३,८०० जागा कमी करण्याच्या योजनेविरुद्ध पत्रकारांची राष्ट्रीय संघटना, तंत्रज्ञ व कार्यक्रम-कर्मचाऱ्यांची ‘बेक्टू’ आणि ‘अमिकस’ या तीन संघटनांनी तो पुकारला होता. अनेक थेट वार्ताकार्यक्रम त्या दिवशी होऊ शकले नाहीत व त्यांच्या जागी पूर्वमुद्रित कार्यक्रम लावावे लागले. त्यानंतर मध्यस्थामार्फत बोलणी झाली आणि ठराविक मुदतीपर्यंत सक्तीने कोणास काढावयाचे नाही, असे आश्वासन संघटनांनी मिळविले. हे यश उपेक्षणीय नव्हते. ज्यांच्या नोकऱ्या धोक्यात होत्या त्यांना त्यामुळे अवधी मिळाला. परंतु कपातीची योजना मूलतः कायम राहिली. कपात कशी करावयाची याविषयी संपाने सवलत मिळविली. कपात करावयाची की नाही, हा प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरच राहिला.

कॅनडातील अनुभव याहून बोलका आहे. कॅनेडियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने १५ ऑगस्ट २००५ रोजी सुमारे साडेपाच हजार कर्मचाऱ्यांविरुद्ध टाळेबंदी पुकारली. वाद मुख्यतः कायम नोकरीऐवजी मुदतीच्या करारावर माणसे नेमण्याच्या व्यवस्थापनाच्या अधिकाराविषयी होता. येथे काम थांबविण्याचे शस्त्र कामगारांनी नव्हे, तर मालकानेच हाती घेतले. आणि संसदेकडून येणारे अनुदान चालू असल्यामुळे ते त्याला परवडणारेही होते. टाळेबंदी सुमारे आठ आठवडे चालली. या काळात कर्मचाऱ्यांनी नुसती निदर्शने केली नाहीत. त्यांनी स्वतःचे ध्वनिमुद्रित कार्यक्रम व बातमीपत्रे तयार करून इंटरनेटवरून श्रोत्यांपर्यंत पोचविली. ज्याच्या हाती काम थांबविण्याची शक्ती उरली नाही, तो काम चालू ठेवून आपले मोल सिद्ध करू लागला. अखेरच्या करारात मुदतीच्या नेमणुकांच्या प्रमाणावर मर्यादा घालण्यात आली.

या दोन उदाहरणांच्या शेजारी एक तिसरे, वेगळ्या जातीचे उदाहरण ठेवले पाहिजे. उत्तर आयर्लंडमधील दोन परस्परविरोधी पुढाऱ्यांवरील एक माहितीपट ब्रिटनच्या गृहमंत्र्यांच्या दडपणानंतर बी.बी.सी.ने मागे घेतला, तेव्हा ७ ऑगस्ट १९८५ रोजी पत्रकारांनी एक दिवसाचा संप केला. स्वतंत्र दूरचित्रवाणीच्या वृत्तसंस्थेतील पत्रकारही त्यात सहभागी झाले. या संपात वेतनाचा किंवा नोकरीचा प्रश्नच नव्हता; संस्थेच्या स्वातंत्र्याचा होता. तोच माहितीपट किरकोळ फेरफारांसह त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दाखविला गेला. हा परिणाम संपामुळेच झाला असे ठामपणे म्हणता येणार नाही. तथापि येथे रिकाम्या राहिलेल्या प्रसारणवेळेलाच एक अर्थ होता: ‘सरकारी दडपण असेच चालले तर काय उरेल, ते पाहा’ असे ती श्रोत्याला सांगत होती. एरवी श्रोत्याची गैरसोय करणारे साधन येथे श्रोत्याशी बोलण्याचे साधन झाले.

४. ‘एर्त’ची कहाणी

ग्रीसमध्ये नभोवाणीचे सरकारी प्रसारण १९३८ मध्ये सुरू झाले आणि दूरचित्रवाणीचे १९६६ मध्ये. लष्करी राजवट (१९६७-७४) कोसळल्यानंतर १९७५ मध्ये ‘एर्त’ ही संस्था नव्या कायद्याने उभी राहिली. १९८९ पासून खाजगी वाहिन्या आल्या आणि प्रेक्षकांचा मोठा भाग त्यांच्याकडे गेला. तरी राष्ट्रीय वाद्यवृंद व गायकवृंद, एकोणीस प्रादेशिक नभोवाणी केंद्रे, परदेशस्थ ग्रीकांसाठीचे प्रसारण आणि अनेक दशकांचा दृक्‌श्राव्य संग्रह ही कामे ‘एर्त’कडेच राहिली. तिचे उत्पन्न प्रामुख्याने विजेच्या बिलातून वसूल होणाऱ्या शुल्कातून येई. ते दर घरामागे वर्षाला सुमारे ५० युरो होते.

कर्जबाजारी झालेल्या ग्रीसला २०१० पासून युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या अटींवर कर्ज मिळत होते. सार्वजनिक सेवेतील नोकरवर्ग कमी करणे ही त्यांतील एक अट होती. २०१४ च्या अखेरपर्यंत १५,००० आणि त्यांपैकी ४,००० जणांना २०१३ मध्येच सेवेतून काढण्याचे सरकारने मान्य केले होते. या पार्श्वभूमीवर ११ जून २०१३ रोजी दुपारी सरकारचे प्रवक्ते सिमोस केदिकोग्लू यांनी ‘एर्त’ बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ते स्वतः पूर्वी ‘एर्त’मध्येच पत्रकार होते. संस्थेचा खर्च इतर वाहिन्यांच्या तिप्पट ते सातपट व नोकरवर्ग चौपट ते सहापट असून प्रेक्षक मात्र अत्यल्प आहेत, असे कारण देण्यात आले. पंतप्रधान अँतोनिस समरास यांच्या आघाडीतील दोन सहकारी पक्षांचा या निर्णयास विरोध होता. संसदेत विधेयक न आणता कार्यकारी आदेशाने तो अमलात आला. त्याच रात्री अकराच्या सुमारास प्रक्षेपण तोडण्यात आले आणि देशभरच्या पडद्यांवर काळोख पसरला. सुमारे २,६५० कर्मचारी एका दिवसात बेकार झाले.

संघटनेपुढे आता संपाचा प्रश्नच उरला नव्हता. जे काम सरकारने बंद केले ते पुन्हा बंद कसे करणार? ‘एर्त’च्या कर्मचाऱ्यांचा महासंघ ‘पोस्पेर्त’ याने नेमके उलट पाऊल उचलले. अथेन्सच्या आयिया पारास्केवी या उपनगरातील मुख्य इमारत कर्मचाऱ्यांनी सोडली नाही. तेथून आणि थेस्सालोनिकी येथील केंद्रातून त्यांनी कार्यक्रम चालूच ठेवले. देशातील प्रक्षेपक हाती नसल्यामुळे हे प्रसारण इंटरनेटवरून होत होते. युरोपीय प्रसारण संघानेही ते आपल्या यंत्रणेमार्फत उपग्रहावरून पुनःप्रक्षेपित केले. इमारतीच्या आवारात हजारो नागरिक जमू लागले. संस्थेच्या वाद्यवृंदाने तेथेच वादन केले. दोन प्रमुख मध्यवर्ती कामगार संघटनांनी १३ जून रोजी चोवीस तासांचा सार्वत्रिक संप पुकारला.

महासंघाने दुसरी आघाडी न्यायालयात उघडली. राज्यपरिषद हे ग्रीसचे सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय होय. १७ जून रोजी त्याने दिलेल्या अंतरिम आदेशाने संस्था बरखास्त करण्याचा सरकारचा अधिकार नाकारला नाही. परंतु नवी सार्वजनिक संस्था उभी राहीपर्यंत प्रसारण खंडित ठेवता येणार नाही, असे सांगितले. हा भेद सूक्ष्म असला तरी अर्थपूर्ण आहे. न्यायालयाने तात्पुरते रक्षण केले ते प्रसारणाचे, म्हणजे पर्यायाने प्रेक्षकाच्या हक्काचे. कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे नव्हे. राजकीय परिणामही लवकरच दिसून आला. २१ जून रोजी लोकशाहीवादी डावा पक्ष आघाडीतून बाहेर पडला आणि तीनशे जणांच्या संसदेत सरकारचे बहुमत १५३ वर आले. प्रसारणसंस्थेच्या प्रश्नावरून सरकारचा एक घटकपक्ष बाहेर पडावा, ही घटना दुर्मिळच म्हणावी लागेल.

तथापि सरकार कोसळले नाही आणि ‘एर्त’ही तत्काळ परत आली नाही. १० जुलै रोजी सरकारने एक तात्पुरती सार्वजनिक वाहिनी सुरू केली. आरंभी तिच्यावर मुख्यतः जुने चित्रपट दाखविले जात. तिच्यासाठी अल्पमुदतीच्या करारावर माणसे घेतली जाऊ लागली, तेव्हा पूर्वीच्या कर्मचाऱ्यांत फूट पडणे स्वाभाविक होते. ज्याच्या घरी दुसरे उत्पन्न नाही त्याने करार नाकारावा, असे सांगणे सोपे नसते. युरोपीय प्रसारण संघाने आपले पुनःप्रक्षेपण ऑगस्टमध्ये थांबविले. ७ नोव्हेंबर २०१३ रोजी पहाटे पोलिसांनी मुख्य इमारत रिकामी करविली. जवळजवळ पाच महिने चाललेला ताबा संपला. ४ मे २०१४ रोजी ‘नेरित’ ही नवी संस्था पुष्कळच लहान नोकरवर्गासह रीतसर सुरू झाली. थेस्सालोनिकी येथील कर्मचाऱ्यांच्या एका गटाने मात्र वेतनावाचून आपले प्रसारण पुढेही चालू ठेवले.

२५ जानेवारी २०१५ च्या निवडणुकीत ‘सिरिझा’ पक्ष सत्तेवर आला. ‘एर्त’ची पुनःस्थापना हे त्याचे निवडणुकीतील आश्वासन होते. त्याच वर्षीच्या एप्रिलअखेर संसदेने तसा कायदा केला आणि बंदीला बरोबर दोन वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, म्हणजे ११ जून २०१५ रोजी, ‘एर्त’ त्याच नावाने पुन्हा सुरू झाली. सुमारे दीड हजार जुने कर्मचारी परत घेण्यात आले. शुल्क मात्र पूर्वीपेक्षा कमी, दरमहा ३ युरो, ठेवण्यात आले.

५. या लढ्याचा अर्थ

‘एर्त’च्या पुनःस्थापनेचे श्रेय केवळ संघटनेस देणे चुकीचे ठरेल, निर्णायक घटना म्हणजे सत्तांतर होय आणि ते इतर अनेक कारणांनी घडले. संघटनेचे कार्य वेगळे होते. दोन वर्षे तिने हा प्रश्न विझू दिला नाही. एखादी संस्था बंद पडून सहा महिने लोटले की लोक तिच्यावाचून राहण्यास शिकतात, असा सरकारी हिशेब असतो. प्रसारण चालू ठेवून कर्मचाऱ्यांनी तो हिशेब चुकविला. ‘एर्त’ ही एक चालती संस्था असून तिला अन्यायाने बाहेर काढले आहे, ही प्रतिमा त्यामुळे टिकली. निवडणुकीत आश्वासन देण्यासाठी आधी प्रश्न जिवंत असावा लागतो.

परंतु या लढ्याची दुसरी बाजू झाकून ठेवल्यास विवेचन एकांगी होईल. सरकारचे सगळेच आरोप निराधार नव्हते. ग्रीसमधील आलटून पालटून सत्तेवर येणाऱ्या पक्षांनी आपल्या माणसांची ‘एर्त’मध्ये वर्णी लावल्याची तक्रार जुनी होती आणि संस्थेतील अनेकांनीही ती मान्य केली होती. अर्थात वशिल्याच्या नेमणुका करणारे पक्ष आणि त्या नेमणुकांचे कारण सांगून संस्था बंद करणारे पक्ष एकच होते, हा या युक्तिवादातील मोठा विरोध होय. शुल्क विजेच्या बिलातून येत असल्याने संस्था बंद केल्याने राजकोषाची तूट तेवढ्या प्रमाणात भरून निघत नाही, हा संघटनेचा मुद्दाही वजनदार होता. तरीसुद्धा ‘उधळपट्टी कोठे होती आणि ती कशी दूर करावयाची’ या प्रश्नाचे सविस्तर उत्तर बंदीपूर्वीच संघटनेने लोकांपुढे ठेवले असते, तर सरकारला एवढे धाडस झाले असते काय, असा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरत नाही.

दुसरी गोष्ट सहानुभूतीदाखल झालेल्या संपाची. अथेन्सच्या पत्रकारांच्या संघटनेने ‘एर्त’ला पाठिंबा म्हणून खाजगी वृत्तपत्रे व वाहिन्या यांतही काही दिवस काम बंद ठेवले. एकजुटीचे दर्शन या दृष्टीने ते उदात्त होते. पण ज्या दिवसांत लोकांना या प्रश्नाची माहिती सर्वाधिक हवी होती, त्याच दिवसांत माहितीची दारे बंद झाली आणि त्यावर पत्रकारांतूनही टीका झाली. काम चालू ठेवणारे ‘एर्त’चे कर्मचारी आणि काम बंद ठेवणारे त्यांचे समर्थक या दोन चित्रांतील विरोध प्रारंभी मांडलेल्या सिद्धान्ताला पुष्टी देतो.

तिसरी गोष्ट किंमतीची. सुमारे २,६५० पैकी दीड हजारच परत आले. मधल्या दोन वर्षांत निवृत्ती, देशांतर किंवा व्यवसायांतर यांमुळे जे गेले ते गेले. संस्था वाचणे आणि प्रत्येकाची नोकरी वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संस्थेच्या नावावर लढा जिंकला गेला, म्हणून त्याचा खर्च ज्यांनी सोसला त्यांची नोंद पुसली जाऊ नये.

६. श्रोत्याचा हक्क : भारतातील दोन अनुभव

श्रोत्याचा हक्क हे केवळ भाषणात वापरावयाचे शब्द नव्हेत, हे बी.बी.सी.च्या जागतिक सेवेतील घटनांवरून दिसते. आणि त्या घटना भारताशी निगडित आहेत. युद्धकाळात, १९४२ मध्ये सुरू झालेले या सेवेचे मराठी प्रसारण १९५८ मध्ये बंद झाले होते. जानेवारी २०११ मध्ये सुमारे २,४०० पैकी ६५० जागा कमी करण्याची योजना जाहीर झाली. पाच भाषांच्या सेवा बंद होणार होत्या आणि हिंदीचे लघुलहरींवरील प्रसारण थांबणार होते. पत्रकारांच्या संघटनेने विरोध केला. त्याच वेळी हिंदी प्रसारणाच्या बाजूने लेखक व पत्रकार यांनी जाहीर पत्रक काढले. हाउस ऑफ कॉमन्सच्या परराष्ट्रव्यवहार समितीनेही एप्रिलमध्ये कपातीविरुद्ध अहवाल दिला. जूनमध्ये सरकारने अरबी, सोमाली व हिंदी सेवांसाठी वर्षाला २२ लाख पौंड अधिक देण्याचे जाहीर केले. हिंदीचे लघुलहरी प्रसारण त्यानंतर ३१ जानेवारी २०२० पर्यंत चालले. या सेवेचे श्रोते ब्रिटनचे मतदार नव्हते, शुल्कही भरीत नव्हते. तरी त्यांच्या बाजूने उठलेल्या आवाजाचा परिणाम झाला. एकूण कपात मात्र टळली नाही. पुढे अनुदान वाढले तेव्हा २०१७ मध्ये मराठी सेवा नव्या स्वरूपात, इंटरनेटवर, सुरू झाली. पैसा आटला म्हणजे भाषा जातात आणि पैसा आला म्हणजे परततात, हे मराठी वाचकाला या एका उदाहरणातून समजू शकते.

आकाशवाणी व दूरदर्शन यांच्या कर्मचाऱ्यांचा अनुभव आणखी एक पैलू दाखवितो. प्रसारभारती अधिनियम १९९० मध्ये संमत झाला आणि त्यानुसार १९९७ मध्ये स्वायत्त महामंडळ अस्तित्वात आले. शुल्काधारित व्यवस्था भारतात १९८० च्या दशकातच संपली होती. त्यामुळे महामंडळाला जाहिरातींखेरीज केंद्राच्या अनुदानावर अवलंबून राहावे लागले. सरकारी नोकर म्हणून रुजू झालेल्यांचे स्थान काय, त्यांच्या निवृत्तिवेतनाचे काय, हे प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. नोव्हेंबर २०१० मध्ये कर्मचाऱ्यांच्या महासंघाने अठ्ठेचाळीस तासांचा संप केला, तेव्हा त्याची मागणी प्रसारभारती अधिनियमच रद्द करावा अशी होती. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत सेवेत आलेल्यांना केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे लाभ देणारी दुरुस्ती पुढे कायद्यात करण्यात आली.

येथे युरोपातील चित्र उलटे झालेले दिसते. तेथे संघटना सरकारी हस्तक्षेपापासून संस्थेला दूर ठेवू पाहतात. येथे कर्मचारी सरकारी छत्राखाली परत जाऊ पाहत होते. यावरून भारतीय कर्मचाऱ्यांना स्वायत्ततेची किंमत कळत नव्हती असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ज्या स्वायत्ततेबरोबर स्वतंत्र उत्पन्न येत नाही, ती कर्मचाऱ्याच्या दृष्टीने केवळ असुरक्षितता ठरते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, संघटनेची मागणी आणि श्रोत्याचे हित एका वाटेने जाऊ शकले नाहीत. सरकारी वृत्तप्रसारण अधिक सरकारी व्हावे, यासाठी श्रोता रस्त्यावर येण्याची शक्यता नव्हती. याउलट जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपविण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा पुण्यातून जाहीर विरोध झाला आणि निर्णय स्थगित झाला. मागणी साधी होती: आपल्या बातम्या आपल्या केंद्रावरून याव्यात. तीत कर्मचाऱ्याचे हित आणि श्रोत्याचे हित वेगळे करता येत नव्हते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सार्वजनिक प्रसारणात काम थांबविण्याचे साधन निरुपयोगी नसले तरी बोथट आहे. त्याने कपातीची रीत बदलते, कपात सहसा टळत नाही. दुसरी, काम चालू ठेवण्याचे साधन विशिष्ट परिस्थितीत अधिक परिणामकारक ठरते, कारण संस्था कोणासाठी आहे हे त्यातून प्रत्यक्ष दिसते; पण त्यासाठी प्रक्षेपणाचा काहीतरी मार्ग, बाहेरील संस्थांचे साह्य आणि वेतनावाचून राबण्याची तयारी लागते, आणि हा त्याग सर्वांना सारखा परवडत नाही. तिसरी, श्रोत्याच्या नावाने लढणाऱ्या संघटनेला श्रोत्याच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. संस्थेतील वशिलेबाजी, शिथिलता किंवा पक्षपात यांविषयी तिने मौन धरले, तर ते मौनच उद्या सरकारच्या हातातील पुरावा होते.

युरोपीय संघाच्या सभासद राष्ट्रांनी १९९७ च्या आम्स्टरडॅम तहाला जोडलेल्या एका मसुद्यात सार्वजनिक प्रसारणाचा संबंध समाजाच्या लोकशाहीविषयक, सामाजिक व सांस्कृतिक गरजांशी असल्याचे मान्य केले; मात्र त्याच्या अर्थव्यवस्थेचा अधिकार ज्या त्या राष्ट्राकडेच ठेवला. गरज सर्वांची आणि तिजोरी सरकारची, हा पेच त्या मसुद्याने सोडविला नाही. सोडविणे त्याच्या आवाक्यातही नव्हते. शुल्काचा दर सरकारच्या मर्जीवर न ठेवता स्वतंत्र मंडळाने, जाहीर चौकशी करून व ठराविक मुदतीसाठी ठरविणे, आणि त्या चौकशीत कर्मचारी व श्रोते या दोघांनाही स्थान देणे, हा त्यावरील एक उपाय होऊ शकेल. तसे झाले तर संघटनेला आपली बाजू प्रक्षेपण बंद पडण्यापूर्वी, आकड्यांनिशी मांडता येईल. आणि तिच्या सभासदांना संस्थेच्या अस्तित्वाची किंमत स्वतःच्या उपजीविकेने मोजावी लागण्याचा प्रसंग सहसा येणार नाही.